दोघांत एक पातेलं

डोंगरात मुक्कामाला जाणाऱ्या दोघांनी स्वयंपाकाचं सामान जमवताना स्टोपासून सुरुवात करू नये. आधी जेवण ठरवावं. रात्री खिचडी शिजवणार की उकळतं पाणी ओतून उपमा फुगवणार, हे ठरलं की पातेलं किती लिटरचं हवं ते कळतं. पातेल्यावरून बर्नर ठरतो, बर्नरवरून इंधन, आणि इंधनावरून प्रवासाचं वाहनसुद्धा. पण बहुतेक खरेदी उलट्या टोकाने होते. दुकानात मुठीत मावणारा ८० ग्रॅमचा बर्नर दिसतो, आवडतो, घेतला जातो. आणि गडावर त्याच्या डोक्यावर घरातला जाड बुडाचा स्टीलचा टोप चढतो. त्या एका टोपाचं वजन असल्या सहा-सात बर्नरांइतकं भरतं.

आपल्याकडच्या गडभटकंतीची सवय मोठ्या गटांची आहे. दहा-बारा जण, जर्मनचं मोठं पातेलं, तीन दगडांची चूल, कुणी कांदे चिरतंय, कुणी फुंकणी घेऊन बसलंय. त्यात वजन वाटून जातं, म्हणून कुणी त्याचा हिशेब करत नाही. दोघांच्या सॅकमध्ये मात्र प्रत्येक वस्तू दोघांपैकी एकाच्या पाठीवरच असते. आणि दोघांचं सामान म्हणजे एकट्याच्या सामानाच्या दुप्पट, हेही खरं नाही. एकेकट्याने जाणाऱ्या दोघांची दोन छोटी पातेली, दोन बर्नर आणि गॅसचे दोन छोटे कॅन यांचं आतला गॅस सोडून वजन साधारण ६०० ग्रॅम होतं. तेच दोघांनी मिळून एक पातेलं, एक बर्नर आणि एक मधल्या आकाराचा कॅन घेतला, तर ४३० ग्रॅमच्या आसपास भागतं. शिवाय एक लिटर पाणी एकाच पातेल्यात उकळायला जेवढा गॅस लागतो, त्याहून जास्त गॅस अर्धा-अर्धा लिटर दोन पातेल्यांत उकळायला लागतो, कारण दोन पातेल्यांच्या बाजू मिळून जास्त उष्णता बाहेर टाकतात.

आधी शिधा

पहिल्या दिवसाला चूल लागतच नाही. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी, सोबत गूळ एवढ्यावर पहिली रात्र सहज निघते. दुसऱ्या सकाळी सातूचं पीठ गूळ आणि थंड पाण्यात कालवलं की न्याहारी झाली. दडप्या पोह्यांनाही विस्तव नको. घरून छोट्या बाटलीत फोडणी करून न्यावी, पातळ पोह्यांवर पाण्याचा हबका मारावा, कांदा, मीठ, लिंबू. एका मुक्कामाच्या ट्रेकला निघालेल्या दोघांनी खरोखर स्टो न्यायचा का, हा विचार अवश्य करावा. सकाळचा गरम चहा हेच जर स्टो नेण्याचं एकमेव कारण असेल, तर ते कारण मला पुरेसं वाटतं, पण मग त्या चहापुरतंच सामान न्यावं.

चुलीवरच्या जेवणाचे दोन प्रकार पडतात. एकाला नुसतं उकळतं पाणी लागतं. घरी तुपावर खमंग भाजून, फोडणी आणि मीठ घालून ठेवलेला रवा हा त्यातला राजा. उकळत्या पाण्यात तो वैरायचा, झाकण ठेवायचं, आणि सात-आठ मिनिटांत उपमा तयार. दुसऱ्या प्रकाराला शिजवावं लागतं: खिचडी, मऊ भात-मेतकूट, पिठलं. यात पाणी उकळल्यानंतरही मंद आंच हवी असते, ढवळावं लागतं, आणि बुडाला लागण्याची भीती असते. या दोन प्रकारांना लागणारी भांडी वेगळी आणि बर्नरही वेगळे. हे न पाहता घेतलेला महागडा संच पहिल्या खिचडीलाच करपतो.

तिसरी गोष्ट पाण्याची. जानेवारीनंतर सह्याद्रीतल्या पुष्कळ वाटांवर पाणी तुटतं. दिवसभर पाठीवरून पाणी नेऊन मुक्काम करायचा असेल, तर खिचडीला लागणारं एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. स्वयंपाकाच्या सगळ्या हलक्या सामानाहून जड. अशा रात्री दशम्याच बऱ्या. टाकं किंवा झरा जिथे नक्की आहे, तिथेच शिजवायचा बेत ठेवावा. रतनगडाहून कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाला जाणारे जिथे जिथे मुक्काम टाकतात, त्या प्रत्येक ठिकाणी रात्रीचं जेवण काय हे पाण्यावरून ठरवतात, आणि ते योग्यच आहे.

पातेलं

आता पातेल्याच्या मापाकडे येऊ. दमलेल्या दोघांना २०० ग्रॅम तांदूळ आणि १०० ग्रॅम मुगाची डाळ लागते. त्यात लिटरभर पाणी. शिजून ही खिचडी सव्वा लिटरच्या घरात जाते, आणि डाळीचा फेस वर येतो तो वेगळाच. म्हणून खिचडी करणाऱ्या दोघांना १.८ लिटरचं पातेलं हवं. त्याहून लहान घेतलं की उतू जातं; बर्नरची छिद्रं बुजतात आणि आधीच कमी असलेलं अन्न जमिनीवर सांडतं. नुसतं पाणी उकळणाऱ्यांना १.२ लिटर पुरतं: दोन वाडगे उपमा आणि दोन पेले चहा, एका दमात. या दोहोंच्या मधलं १.५ लिटरचं पातेलं बाजारात सगळ्यात सहज मिळतं. खिचडी थोडी कमी करणाऱ्यांनी ते घ्यायला हरकत नाही.

आकार बसका आणि रुंद असावा. १५-१६ सेंटिमीटर व्यासाच्या बुडाखाली ज्योत पूर्ण मावते. उंच, अरुंद भांड्याच्या बाजूंनी ती निसटते आणि गॅस आकाशाला तापवत राहतो. बसकं पातेलं कलंडतही नाही. तंबूच्या दाराशी, अंधारात, मांडी घालून बसलेल्या माणसाच्या अंगावर लिटरभर उकळतं पाणी पडणं हा डोंगरातल्या स्वयंपाकाचा सगळ्यात मोठा धोका आहे. दवाखाना चार-पाच तासांच्या उतरणीवर असतो. इथे ५० ग्रॅम वाचवण्यासाठी पातेल्याची स्थिरता घालवू नये.

धातूबद्दल मला स्पष्ट मत द्यायचं आहे. दुकानदार टायटॅनियम दाखवतो. ते मजबूत आहे, गंजत नाही, त्याचा पत्रा फार पातळ करता येतो म्हणून भांडं हलकं होतं. पण घनता पाहिली तर टायटॅनियम ४.५, अॅल्युमिनियम २.७ आणि स्टेनलेस स्टील ७.९ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. म्हणजे टायटॅनियम मुळात हलका धातू नाही; त्याचं हलकेपण पत्र्याच्या पातळपणात आहे. आणि उष्णता वाहून नेण्यात अॅल्युमिनियम टायटॅनियमच्या सुमारे दहापट पुढे आहे. टायटॅनियमच्या बुडावर ज्योतीच्या वर जिथे आंच लागते, तेवढाच गोल तापतो. बाकीचं बूड गार राहतं. पाणी स्वतःच फिरत असल्यामुळे पाण्याला याचा फरक पडत नाही. खिचडीला आणि पिठल्याला पडतो. मधोमध काळा गोल, कडेला कच्चे तांदूळ. अॅल्युमिनियमचं बूड सगळीकडून सारखं तापतं. शिजवून खाणाऱ्या दोघांनी अॅल्युमिनियमच घ्यावं, शक्यतो वरून कडक थर दिलेलं, म्हणजे हार्ड अॅनोडाइज्ड. चिंच-टोमॅटोच्या आंबटाने ते खराब होत नाही. बजेट कमी असेल तर भांड्यांच्या बाजारात वजनावर मिळणारा हिंडालियमचा पातळ टोप काही वाईट नाही. तो घेताना तराजूवर ठेवून पाहा: १.८ लिटरला झाकणासकट २५० ग्रॅमच्या आसपास असेल तर उचला.

झाकण न नेणं ही हलकेपणाची सगळ्यात महागडी कल्पना आहे. एक ग्रॅम पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पावणेसात पट उष्णता तेच एक ग्रॅम पाणी वाफ होताना घेऊन जातं. उघड्या पातेल्यातून वर जाणारी प्रत्येक वाफ म्हणजे कॅनमधला गॅस. झाकण ३०-४० ग्रॅमचं असतं आणि ते दोन दिवसांत तेवढा गॅस सहज वाचवतं. घरातली स्टीलची सांडशी मात्र ठेवून जावी. पातेल्याला घडीचे कान असतील तर उत्तम, नसतील तर अॅल्युमिनियमची छोटी पकड मिळते.

दोघांसाठी एक युक्ती फार उपयोगी पडते. दोघांचे पेले सारखे घेऊ नयेत. एकाचा ६०० मिलिलिटरचा धातूचा मग असावा, जो थेट ज्योतीवर ठेवता येतो, आणि दुसऱ्याचा हलका प्लॅस्टिकचा वाडगा. खिचडी पातेल्यात मुरत असताना मगमध्ये चहा होतो. जेवताना एकजण पातेल्यातून खातो, दुसरा वाडग्यातून. चमचे दोन. ताटल्या नकोत.

भात शिजवताना घरी आपण करतो ती दमाची पद्धत डोंगरावर आणखी मोलाची ठरते. जुन्या कॅरीमॅटचा तुकडा कापून पातेल्याभोवती बसेल अशी टोपी शिवावी किंवा चिकटवावी. खिचडीला उकळी आल्यावर सात-आठ मिनिटं मंद आचेवर ठेवायची, मग बर्नर बंद करून पातेलं त्या टोपीत घालायचं आणि वीस मिनिटं झाकण उघडायचं नाही. डाळ आधी तासभर भिजवलेली असली की ती अशी मऊ होते. मुक्कामाला पोचायच्या तासभर आधी मूगडाळ पाण्याच्या बाटलीत टाकून चालत राहावं. तूरडाळीला हा उपाय पुरत नाही. ती घरीच ठेवावी.

गॅसचा हिशेब

एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळायला सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते. ब्युटेनच्या एका ग्रॅममधून सुमारे ४५ किलोज्यूल मिळते. सगळी उष्णता पाण्यात गेली असती तर साडेसात ग्रॅम गॅस पुरला असता. प्रत्यक्षात निम्मी-अर्धी इकडेतिकडे जाते, म्हणून लिटरला १२ ते १५ ग्रॅम धरावेत. खिचडीला उकळी आणि मंद आंच मिळून २५ ग्रॅम, सकाळ-संध्याकाळचा चहा १४-१५, न्याहारीचा उपमा दहा. दोघांचा दिवस ५० ग्रॅममध्ये भागतो. २३० ग्रॅम गॅसचा कॅन वारा नसेल तर चार दिवस चालतो. दोन मुक्कामांना असे दोन कॅन घेऊन जाणारे पुष्कळ दिसतात. दुसरा कॅन न उघडता परत येतो, आणि भरलेल्या कॅनचं वजन डब्यासकट ३८० ग्रॅमच्या घरात असतं.

हा सगळा हिशेब वारा बिघडवतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या उघड्यावर संध्याकाळी वारा सुटला की हाच गॅस दुप्पट-तिप्पट जळतो, आणि पाणी उकळतच नाही. अशा वेळी मोठ्या दगडाआड, गुहेच्या तोंडाशी किंवा तटाच्या आडोशाला बर्नर लावावा. पत्र्याचा वारारोधक पडदा बर्नरभोवती पूर्ण गुंडाळायचा मोह होतो. कॅनच्या डोक्यावर बसणाऱ्या बर्नरला असा पडदा लावणं जिवावर बेतू शकतं, कारण अडलेली उष्णता खाली कॅनला तापवते आणि तापलेला कॅन फुटतो. पडदा वाऱ्याच्या बाजूलाच, अर्धा, आणि कॅनला हात लावून पाहत राहायचं. कॅन हाताला गार किंवा कोमट लागला पाहिजे. ज्यांना पडदा पूर्ण लावायचा आहे, त्यांनी नळीने जोडलेला बर्नर घ्यावा. त्यात कॅन बाजूला राहतो आणि बर्नर जमिनीलगत बसतो. वजन १०० ग्रॅम तरी वाढतं. पण १.८ लिटरचं पातेलं, त्यात ढवळली जाणारी खिचडी आणि वारा, हे तिन्ही एकत्र असतील तर मी नळीचाच घेईन. कॅनवर बसणारा घ्यायचा असेल, तर त्याचे पाय किती रुंद उघडतात ते दुकानात आपल्याच पातेल्यावर ठेवून पाहावं, आणि ज्योत विझल्याशिवाय अगदी बारीक होते का तेही.

बुडाला उष्णता शोषणारी धातूची पाती बसवलेलं पातेलं बर्नरलाच अडकवण्याचे जोडसंचही मिळतात. पाणी ते झपाट्याने उकळतात, गॅस कमी खातात. त्यात उंच, अरुंद भांडं आणि एकाच जागी जोरदार आंच असल्यामुळे शिजवणं कठीण जातं. चहा आणि तयार पाकिटांवर राहणाऱ्या दोघांना ते मानवतात. आपल्या जेवणाला नाही.

कॅनमध्ये काय भरलंय हे सह्याद्रीत फारसं पाहावं लागत नाही, हिमालयात पाहावं लागतं. साधं ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतं, आयसोब्युटेन उणे १२ च्या आसपास, प्रोपेन उणे ४२ अंशांना. कॅनमधला द्रव गॅस वाफ होताना स्वतः गार होत जातो, त्यामुळे हवेत ५ अंश असतानाही नुसत्या ब्युटेनची ज्योत मलूल होते. मिश्र गॅसच्या कॅनमध्ये प्रोपेन आधी जळून जातं आणि शेवटी मंदावणारं ब्युटेन उरतं. रात्री कॅन झोपण्याच्या पिशवीत पायाशी ठेवला की सकाळचा चहा लवकर होतो. गार पडलेला कॅन कोमट पाण्याच्या वाडग्यात उभा केला तरी ज्योत सुधारते. कोमट म्हणजे हात सहज बुडवता येईल इतपतच. ५० अंशांच्या वर कॅन कधीही जाऊ देऊ नये, आणि म्हणूनच मे महिन्यात उन्हात लावलेल्या बंद गाडीत तो ठेवू नये. लांबट, स्वस्त ब्युटेनचे कॅन शहरात सहज मिळतात आणि जोडणीचा तुकडा लावून ट्रेकच्या बर्नरवर चालतात. सह्याद्रीला ते पुरेसे आहेत. रिकामे कॅन पुन्हा भरून देणाऱ्यांकडून मात्र काही घेऊ नये.

प्रवासाचा मुद्दा कुणी आधी सांगत नाही. विमानात गॅसचा कॅन ना हातातल्या सामानात चालतो, ना खाली दिलेल्या सामानात. लेह किंवा देहरादूनला जाणाऱ्यांनी तिथे पोचल्यावरच तो विकत घ्यावा, आणि मिळण्याची खात्री आधी फोनवर करून घ्यावी. रेल्वेतही स्टो, गॅस, रॉकेल, पेट्रोल असं काही नेता येत नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम ६७ खाली ते धोकादायक सामान ठरतं आणि कलम १६४ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. भरगच्च कसारा लोकलमध्ये कॅन घेऊन चढणं हा कायद्याचाच नाही, शेजारच्या माणसांच्या जिवाचाही प्रश्न आहे. लोकलने जाणाऱ्या दोघांनी बिनचुलीचा शिधा न्यावा, किंवा पायथ्याच्या गावात रात्रीचं पिठलं-भाकरी सांगून ठेवावं. गडांच्या पायथ्याला आणि हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी वरही ते मिळतं, गरम मिळतं, आणि चार पैसे गावात राहतात. स्टो न्यायचाच असेल तर स्वतःच्या दुचाकीने किंवा गाडीने जावं.

लाकडाच्या चुलीचा पर्याय मी सुचवत नाही. हरिश्चंद्रगड, कळसूबाई, रतनगड हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. अभयारण्याला धोका पोचेल असा विस्तव पेटवण्याला किंवा पेटता सोडण्याला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मनाई करतो. दिवाळीनंतर तिथलं गवत कमरेइतकं आणि वाळून कोळ झालेलं असतं. एका ठिणगीने डोंगराचा अख्खा उतार जातो. स्पिरिटच्या डबीच्या चुलीबद्दलही याच कारणाने सावध राहावं. ती १५-२० ग्रॅमची असते, एका मुक्कामाला वजनात गॅसला हरवते, पण तिची ज्योत उन्हात दिसत नाही, कलंडली की स्पिरिट जळत पसरतं, आणि विझवायला खटका नसतो. शिवाय स्पिरिटमध्ये वजनाच्या मानाने ब्युटेनच्या जेमतेम ६० टक्के उष्णता असते. दोघांचं लिटरभर पाणी उकळायला तिला बराच वेळ लागतो. पावसाळ्यात, ओल्या कातळावर ठीक. गवतात नको.

जितकं उंच, तितकं अवघड

कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, पाणी साधारण ९५ अंशांना उकळतं. एवढ्याने खिचडीला दोन-चार मिनिटं जास्त लागतात. लेहच्या उंचीवर, ३५०० मीटरवर, ते ८८ अंशांवरच उकळतं आणि ज्योत कितीही मोठी केली तरी त्याहून तापत नाही. भात कसाबसा होतो, डाळ कचकचीत राहते. प्रेशर कुकर आतला दाब वाढवून ही अडचण सोडवतो, पण दीड-दोन लिटरचा कुकरसुद्धा किलोच्या घरात जातो. एकाच तळावर चार दिवस राहणार असाल तर तो न्या. रोज मुक्काम हलणार असेल तर घरी शिजवून वाळवलेली डाळ न्या. ती गरम पाण्यात फुलते.

बर्फ वितळवून पाणी करायचं असेल तर इंधनाचा हिशेब पुरता बदलतो. शून्य अंशाचा एक किलो बर्फ नुसता वितळायला ३३४ किलोज्यूल घेतो, म्हणजे लिटरभर पाणी २० अंशांवरून उकळायला लागते जवळजवळ तितकीच उष्णता. मग त्या बर्फाळ पाण्याला उकळी आणायला आणखी ४१९. सव्वादोनपट गॅस. याच कारणाने पाती बसवलेलं जड पातेलं बर्फात वजन वसूल करतं आणि सह्याद्रीत करत नाही.

या हिशेबावर दोन माणसांचा जीव अवलंबून असल्याचं एक उदाहरण इतिहासात आहे. १४ मार्च १८९५ रोजी नॉर्वेचा फ्रित्यॉफ नान्सेन आणि त्याचा सहकारी यालमार योहानसेन बर्फात अडकलेलं ‘फ्राम’ हे जहाज सोडून कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन उत्तर ध्रुवाकडे निघाले. दोघेच. झोपायला दोघांत एक पिशवी, स्वयंपाकाला एक स्टो. तो होता रॉकेलचा प्रायमस, स्वीडनमध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने १८९२ मध्ये बनवलेला. हवा मारायची आणि पिनने छिद्र साफ करायचं तोच पितळी स्टो, जो पुढे आपल्याकडच्या घराघरांत आला. नान्सेनची खरी करामत त्या स्टोवरच्या भांड्यात होती. मधल्या भांड्यात अन्न शिजायचं, त्याच्याभोवती कड्यासारखं दुसरं भांडं आणि वर आणखी एक, अशी रचना. मधल्या भांड्याला लागून निसटलेली उष्णता बाजूच्या आणि वरच्या भांड्यातला बर्फ वितळवायची. इंधनाचा थेंब वाया जाऊ नये म्हणून त्याने स्टोकडे कमी आणि भांड्यांकडे जास्त लक्ष दिलं. ८ एप्रिलला ते ८६ अंश १४ मिनिटे उत्तर अक्षांशापर्यंत पोचले, त्या काळापर्यंत कुणीही गेलं नव्हतं इतकं उत्तरेला, आणि तिथून माघारी वळले. पुढचा हिवाळा त्यांनी फ्रान्झ जोसेफ लँडवर दगड आणि कातड्यांच्या खोपटात, प्राण्यांच्या चरबीच्या दिव्यावर अस्वलाचं मांस शिजवून काढला. दोघेही सुखरूप घरी परतले. स्टोपेक्षा पातेलं महत्त्वाचं, हे नान्सेनला सव्वाशे वर्षांपूर्वी उमगलेलं होतं.

कोण काय उचलणार

पातेलं, बर्नर आणि कॅन एकाच्याच सॅकमध्ये ठेवावं, दुसऱ्याने शिधा घ्यावा. बर्नर एकाकडे आणि कॅन दुसऱ्याकडे असेल आणि वाटेत अंतर पडलं, तर दोघांनाही चहा करता येत नाही. काडेपेटी किंवा लायटर मात्र दोघांकडे, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला हवा. बर्नरची ठिणगीची कळ दमट हवेत दगा देते.

सह्याद्रीतल्या दोन-तीन मुक्कामांसाठी शिजवून खाणाऱ्या दोघांना मी पुढचं सामान सांगेन: झाकणासह १.८ लिटरचं अॅल्युमिनियमचं पातेलं, धातूचा एक मग, एक वाडगा, दोन चमचे, रुंद पायांचा बर्नर आणि २३० ग्रॅमचा एक कॅन. सगळं मिळून एक किलोच्या आत राहतं. हे विकत घेण्याआधी किंवा घेतल्यावर लगेच, घराच्या गच्चीवर एक संध्याकाळ त्यावर खिचडी शिजवावी. कॅन आधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवावा. आपल्या पातेल्यात, आपल्या हाताने, किती ग्रॅम जळले हे एकदा कळलं की प्रत्येक ट्रेकला किती गॅस न्यायचा ते स्वतःलाच सांगता येतं.

तंबूच्या आत बर्नर कधीही पेटवू नका, बाहेर कितीही पाऊस असो. आग लागण्याचा धोका दिसतो तरी. कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि बंद तंबूत दोघांना झोपेतच संपवायला तो पुरतो. पाऊस असेल तर गुहा, देवळाचा ओटा, नाहीतर त्या रात्री दशमी.

पातेलं घासायला साबण नेऊ नका. थोडं पाणी घालून खरवडा, ते पाणी गरम करून पिऊन टाका, उरलेलं मातीने किंवा गवताने पुसा. गडावरचं टाकं पुढच्या माणसाचं पिण्याचं पाणी आहे. त्यात हातही बुडवू नका, पाणी बाहेर काढून टाक्यापासून लांब जाऊन भांडं धुवा. कॅन पूर्ण रिकामा झाल्याशिवाय टाकू नका. रिकामा झाला की तो सॅकमध्ये घालून घरी आणा, उघड्या हवेत, विस्तवापासून दूर, उरलासुरला गॅस जाऊ द्या, मग पत्र्याला भोक पाडा आणि भंगारात द्या. तो पत्रा गडावर किंवा पायथ्याच्या गावात राहता कामा नये.